दारातला एक जोड जास्त

शेजारच्या सुभेदारकाकांच्या नातीचं बारसं होतं. दारात चपलांची ही रास पडलेली. काका पेढ्यांचा पुडा धरून बाहेरच उभे. एकदा खिडकीतून आतली माणसं बघत होते, एकदा खाली चपला.

“काका, आत चला ना,” मी म्हटलं.

“थांब. एक जोड जास्त आहे.”

काका परक्या देशातल्या यादवीत शांतता राखायला गेले होते. तिथे शत्रूला गणवेश नव्हता. घरात कोण लपलंय, ते दारातल्या चपलांवरून ओळखायचं. अशाच एका दारात एक जोड जास्त पाहून काका वेळीच थबकले, सोबतचे जवान वाचले, म्हणून त्यांना शौर्यपदक मिळालं. आज भिंतीवरच्या त्या पदकाखालीच पाळणा टांगला होता.

यादवी संपल्याचं रेडिओ सांगतो. माणसातून ती कधी संपते, ते कुणी सांगत नाही. दारात चपला जास्त म्हणजे घर भरलेलं, एवढंच मला ठाऊक. पण आता माझेही डोळे त्या राशीतले जोड मोजू लागले.

सूनबाई हसत बाहेर आली. “बाबा, तो कोपऱ्यातला जोड तुमचाच की! सकाळी बूट घालून गेलात ना?”

काकांनी पायातले बूट पाहिले, मग चपला.

“माझा?” ते हळूच म्हणाले. “मग आत कोण आहे?”