बांधावरची राखण

दसरा जवळ आला की गावाहून आमच्या भांडुपच्या खोलीवर नवं येतं. नवं म्हणजे भाताच्या ताज्या लोंब्या, आंब्याच्या पानात बांधलेल्या. त्या दाराच्या चौकटीला लावायच्या, म्हणजे वर्षभर घरात धान्य कमी पडत नाही म्हणतात. आम्ही तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो, तरी लोंब्यांशिवाय दार माझ्या वडिलांना ओकंबोकं वाटतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने सांगायचे, आमच्या कुणग्यातल्या आहेत.

कुणगा म्हणजे भाताचं लहानसं खाचर. आमचा कुणगा व्हाळाच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, अलीकडे आहे. काका गेल्यापासून त्यात कोणी नांगर घातला नव्हता. गावात काकी एकटी, आणि बाकीचे हिस्सेदार बोरीवली, मुलुंड, घाटकोपर असे पांगलेले. कुणग्यात कमरेएवढं गवत. काकी कुणाच्या तरी शेतातून दोन लोंब्या मागून आणायची आणि वडिलांसाठी पाठवायची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त वडील धरून चालले होते की काकी एका कोपऱ्यात थोडा तरी भात लावते, आणि त्यांना खरं कोणी सांगत नव्हतं.

कुणग्याच्या बांधावर एक दगड आहे. तो राखणदार. दरवर्षी त्याला कोंबड्याची राखण द्यायची, म्हणजे तो शेत सांभाळतो. राखण दिली का, हे विचारायला वडील न चुकता काकीला फोन करायचे. एकदा मी म्हटलं, कोंबडा खाऊन तो बिचारा राखतो काय, गवत? त्यावर बरेच दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मला वाईट वाटलं नाही. खरं बोललं की आमच्या घरात अबोलाच मिळतो.

काकीचा मुलगा, माझा चुलत भाऊ, आमच्याच पोटमाळ्यावर राहतो. गावात तो ट्रॅक्टर चालवायचा. पण ओसाड शेतांच्या गावात ट्रॅक्टरला काम किती? म्हणून मुंबईत आला आणि अंधेरीच्या एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत लागला. येणाऱ्या गाड्यांसाठी दांडा वर करायचा, मग खाली करायचा. मशीनवर बसायला आवडणाऱ्या माणसाला याहून वाईट शिक्षा नसेल.

अशात गावाकडे शेजारच्या वाडीतल्या एका माणसाने ओसाड कुणगे भाड्याने घेऊन, एकत्र करून, विक्रीसाठी भात लावायचं काढलं. लावणीचं मशीन, कापणीचं मशीन, पुढे स्वतःची गिरण. माझा पहिला विचार हाच की मोठा मासा लहान माशाला खाणार. शहरात बसून असं ठामपणे बोलायला काही लागत नाही. पण त्याला जमीन विकत नको होती, मशीनवर माणसंही जमीन देणाऱ्या घरांतलीच हवी होती. माझ्या भावाला त्याने मशीन चालवायला बोलावलं. कापणी संपली की गिरणीत काम, म्हणजे बारा महिने पगार, आणि तोही आईच्या हातचं जेवून. भाऊ पोटमाळ्यावरून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत प्रथमच एवढा खुललेला पाहिला.

अडचण एकच होती. व्हाळाच्या अलीकडच्या सगळ्या कुणग्यांत मशीन न्यायला वाट आमच्या बांधातून. दगड तसाच ठेवून बाजूचा बांध थोडा फोडावा लागणार होता. बाकीच्या हिस्सेदारांनी फोनवरच होकार दिला. वडील म्हणाले, आधी देवाला कौल लावा. म्हणजे गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या लावून विचारायचं, आणि कुठल्या बाजूची आधी पडते त्यावरून ठरवायचं. हेही चाललं असतं. पण कौल त्यांना स्वतःसमोर लागायला हवा होता, आणि गावी जायचं ठरलं की त्यांचे गुडघे सुजायचे. भावाने व्हिडिओ कॉलचं सुचवलं.

"देव काय मोबायलात येता?" वडील म्हणाले.

पेरणीचे दिवस तोंडावर आले. तो माणूस कंटाळला आणि व्हाळापलीकडच्या वाडीत गेला. भाऊ ड्युटीला जात राहिला. मला मात्र वडिलांचा इतका राग आला होता की त्यांचा चहा मी त्यांच्यासमोर आदळायचे.

पुढच्या मे महिन्यात मी काकीकडे गेले. पलीकडे गिरण चालू होती. उन्हाळ्यात हातावर हात धरून बसणाऱ्या बायका तिथे तांदूळ निवडत होत्या, पिशव्या भरत होत्या. सुरतेला गेलेलं एक कुटुंब परत आलं होतं. बंद पडलेलं दुकान उघडलं होतं, आणि अंगणात लहान मुलांचा गलका. काकी या वयात रोज व्हाळ ओलांडून तिथे कामाला जायची. आमच्या बाजूला कुलपं आणि गवत. बांधावरचा दगड जागच्या जागी होता. मला तिथे उभं राहून रडू आलं.

त्या दसऱ्याला नवं आलं ते भरगच्च, टपोऱ्या दाण्यांचं. वडिलांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. भाऊ युनिफॉर्म चढवून ड्युटीला निघत होता.

"ह्या आपल्या कुणग्यातलाच मा?" त्यांनी विचारलं.

यावेळी भाऊ खोटं बोलला नाही. "नाय काकानू. व्हाळापलीकडचा आसा. आय थयंच कामाक जाता."

वडिलांनी लोंब्या खाली ठेवल्या. मग खाली बघत म्हणाले, "त्या गिरणवाल्याक सांग, बांध फोड म्हणान. तुका घेतल्यान तर जा."

"तेना दुसरो ठेवल्यान, काकानू," भाऊ म्हणाला. पट्टा आवळला, टोपी घातली आणि जिना उतरून गेला.

लोंब्या मी दाराला लावल्या. सोनं द्यायला आलेल्या शेजाऱ्यांनी त्यांचं कौतुक केलं, यंदा तुमचं पीक झकास आलेलं दिसतंय म्हणाले. वडील एरवी याच वाक्याची वाट बघत बसायचे.

"आमचं नाही," ते म्हणाले. "आमच्यात गवत असतं."