तुमचं असं काहीतरी वाजवा

पुण्याहून मी जर्मनीत कार्ल्सरूहेला पियानो शिकायला आले आणि इथलीच झाले. शिकत असताना ग्रंथालयात एका अमेरिकन बाईने पियानोसाठी लिहिलेला सोनाटा हाती लागला. बाई कृष्णवर्णीय, आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरणारी. तिचं संगीत छापायला कुणी पुढे आलं नव्हतं; हस्तलिखिताची पुसट झेरॉक्स तेवढी होती. वाजवून पाहिला आणि मग सोडवेना. तिच्यासारखे आणखी काही संगीतकार सापडत गेले. त्यांचं संगीत लोकांपुढे आणणं हेच माझं काम होऊन बसलं.

वृद्धाश्रमांत, चर्चच्या सभागृहांत कार्यक्रम मिळायचे. मोठ्या सभागृहाच्या संचालकबाईंनी मात्र माझी रचनांची यादी पाहून चष्मा काढला.

"अमेरिकन? पण तुम्ही तर भारतीय. आल्झो, म्हणजे, लोक गोंधळतील. तुमचं असं काहीतरी वाजवा ना. एखादा राग, छान साडी नेसून."

"मी राग शिकलेलीच नाही," मी म्हणाले. "तुमच्याच देशात पियानो शिकले."

त्या गोड हसल्या. विषय संपला.

काही वर्षांनी त्यांचाच फोन आला. विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन संगीतकारांचा महोत्सव ठरला होता. तारीख लिहून घ्यायला मी पेन उचललं. मग कळलं, तो सोनाटा एक नामवंत वादक वाजवणार होते; त्यांना माझ्याकडचं स्वच्छ लिहून काढलेलं नोटेशन हवं होतं.

"अजिबात देऊ नकोस," नवरा म्हणाला.

मी दिलं. नाहीतर ती बाई पुन्हा कपाटातच राहिली असती.

महोत्सवाच्या संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं होतं. झेरॉक्समध्ये एका ठिकाणी डाव्या हाताची ओळ पूर्ण पुसली गेलेली आहे. तिथे काय असेल याचा विचार करण्यात माझा अख्खा हिवाळा गेला होता, आणि शेवटी मी स्वतःचे स्वर घातले होते. त्या वादकांनी ते जसेच्या तसे वाजवले. शेजारी बसलेली माझी लेक जर्मनमध्ये ओरडली, "आई, हे तर तुझं!" पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून तिला गप्प केलं.

माहितीपत्रकात छापलं होतं, 'या वादकाने शोधून काढलेली रचना'. आभारात पियानो लावणाऱ्याचंही नाव होतं. माझं नव्हतं.

मध्यांतरात मी संचालकबाईंना गाठलं.

"अरेरे, घाईत राहून गेलं. पण तुम्हाला आनंद झाला असेल ना? तुमची तर हीच इच्छा होती."

झाला होता. तेच जास्त झोंबलं.

त्या सभागृहाने मला आजवर बोलावलेलं नाही. गेल्या महिन्यात एका वृद्धाश्रमात मी तोच सोनाटा वाजवला. नंतर एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "महोत्सवातल्या त्या मोठ्या वादकांचं ऐकून बसवलंत का हो?"

मी हो म्हटलं. समजावत बसायचा कंटाळा आला होता.