चित्र बंद, आवाज चालू

मला पाहायला आलेलं तिसरं स्थळ डोंगलवरून आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, सुट्टी मिळेना, आईही त्याच्याकडेच गेलेली. म्हणून त्याचे मामा तिरोड्याहून आमच्या मुर्रीच्या घरी आले. मुलगा कॉम्प्युटरवरून मुलगी पाहील, असं ठरलं. मी तेव्हा गोंदियात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. लॅपटॉप माझा, डोंगल माझं. म्हणजे स्वतःला दाखवण्याची मांडामांडही मीच करायची होती.

डोंगलचं नेट म्हणजे मनाचा राजा. दिवा निळा असला की चालायचं, हिरवा झाला की रखडायचं. आमच्या घरात निळा दिवा फक्त मागच्या पडवीत लागे, धानाचे कट्टे, म्हणजे पोती, रचलेले असत तिथे. मी तिथेच खुर्ची टाकली, तर आत्या कडाडली, "पोरीले काय कट्ट्यापाशी बसवून दाखवता? तोलून नेतीन काय तिले?"

मग बैठकीतच बसायचं ठरलं, मागे शोकेस दिसेल असं. मी लांब वायर लावून डोंगल खिडकीबाहेर टॉवरच्या दिशेने काढलं. बाबा ती वायर धरून उभे राहिले. आधीची दोन स्थळं परतल्यापासून त्यांची झोप उडाली होती. सकाळपासून ते एवढंच म्हणत होते, "या बारीनं जमू दे."

मुलगा दिसला तो अर्धा. वर कपाळ आणि चष्मा, खाली नुसते चौकोनी तुकडे. 'हॅलो' म्हणाला त्यातला 'लो' तेवढा आमच्यापर्यंत पोचला. क्लासात पोरांना शिकवायचे तेच उपाय मी सुरू केले. डोंगल काढून पुन्हा लावलं, तेव्हा कुठे दिवा निळा झाला. मागे गुपचूप चालणारे अपडेट थांबवले. मग खोलीतल्या सगळ्यांना मोबाइलचं नेट बंद करायला सांगितलं, तेव्हा कळलं की मामाजींच्या मोबाइलवर अख्ख्या नाटकाचा व्हिडिओ उतरून राहिला होता.

"तो तं खिशात होता ना!" मामाजी म्हणाले.

खिशात असला म्हणून काय झालं? टॉवर तर एकच होता.

तरीही चित्र हलेना. शेवटचा उपाय उरला तो चित्र बंद करण्याचा. नेट थोडं असलं की चित्रच सगळं खाऊन टाकतं. ते सोडलं तर आवाज धडधाकट येतो. मी चित्र बंद केलं.

"मंग पाहाचं काय?" आत्याने विचारलं.

तिचं बरोबर होतं. पाहण्याच्या कार्यक्रमातून पाहणंच गेलं, तर उरतं ते बोलणं, आणि त्याची तयारी कुणीच केली नव्हती. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, एवढं विचारायचं आणि मुलीने खाली मान घालून उत्तर द्यायचं, हा रिवाज. आता माझी मान वर आहे की खाली, हे पुण्यात कुणाला कळणार होतं?

त्याने विचारलं, मी सांगितलं. त्याचा आवाज छान होता, हे कबूल करते. फोटोही मी गुपचूप पुन्हा पुन्हा पाहिला होता. तो मला आवडायच्या बेतात होता. म्हणूनच, आधीच्या दोघांना जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते विचारलं.

"लग्नानंतर मी शिकवायचं सोडणार नाही. पुण्यातही क्लास असतीलच. चालेल का तुम्हाला?"

त्या क्लासात पोरं मला मॅडम म्हणायची. स्वतःच्या बळावर मिळवलेलं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते सोडून कुठल्याही घरात जायची माझी तयारी नव्हती.

पलीकडून काहीच आलं नाही.

"अटकला," मामाजी म्हणाले.

"नेट गेला वाटते," आत्या सुटल्यासारखी बोलली.

मी खिडकीकडे पाहिलं. दिवा निळाच होता. लॅपटॉपमधून पुण्याच्या पंख्याची खटखट स्वच्छ ऐकू येत होती. मग त्या पंख्याखालूनच एका बाईचा दबका आवाज आला, "आता हो म्हणून टाक. एकदा घरी आली का मंग पाहू."

आणि लगेच तो म्हणाला, "हो हो, काही हरकत नाही."

बैठकीत कुणी कुणाकडे पाहिना. मामाजी बशीतल्या पोह्यांत चमचा फिरवत राहिले. "आवाज कटून कटून येऊन राहिला," ते म्हणाले, आणि आत्याने घाईघाईने मान डोलावली. मला रडू येत होतं, त्याहून जास्त राग येत होता. एवढी खटपट करून मीच ती लाइन साफ केली होती. नेट खरंच गेलं असतं तर नंतर मला नुसतं 'हो' कळलं असतं, आणि मी खुशीत पोहे खाल्ले असते. क्षणभर तेच बरं झालं असतं असं वाटलं. आज तसं वाटत नाही.

"बाई," बाबांनी खिडकीपासून मला विचारलं, "नेट बराबर आहे ना?"

घर माझ्याकडे पाहत होतं. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचंच निभावलं असतं.

"बरोबर आहे, बाबा."

त्यांनी हातातली वायर खाली ठेवली आणि पाहुण्यांकडे वळले.

"मलेबी आयकू आलं, मामाजी," बाबा म्हणाले. "पोहे खाऊन घ्या. आमच्याकडून नाही समजा."