लाल दिव्यावरची टाळी

मंगळवार, ८ मार्च २००५. डबे घासायला घेतले, तर लेकीच्या दप्तरात खालच्या शेजारणीचा फ्लास्क निघाला. ती मूळची फिजीची. आमची मुलं तीच शाळेत सोडते. लाल दिवा लागला की स्टिअरिंग सोडून एक टाळी वाजवायची, मग फ्लास्कमधल्या ‘कावा’चा घोट घ्यायची. मागून कुणी हॉर्न मारला तरी हसायची, “काहे फिकर करता, दीदी?” मला त्या शांतपणाचा हेवा वाटे.

‘कावा’ म्हणजे काश्मिरी कहवा असेल, म्हणून चाखला. चव मातकट, आणि जीभच बधिर! तशीच खाली धावले.

“जड़ी है. गाँव में सब साथ बैठ के, एक ताली बजा के पीते, फिर सो जाते. यहाँ टेन्शन के लिए बिकता.”

“सो जाते? और तुम पीके बच्चों की गाडी चलाती?”

तिचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

दुसऱ्या सकाळी गाडी मी चालवली. तिलाही शेजारी बसवलं. फ्लास्कमध्ये माझा चहा होता.