पाकोळीचं माहेर

परभणीला गाडीतून उतरलो आणि भिंतीवरच्या विद्यापीठ नामांतराच्या घोषणा वाचत पोखर्णीची एसटी धरली. हातातलं जाळं पाहून कंडक्टरने विचारलं, "मासोळ्या धरायला जायलाव का साहेब?" "फुलपाखरं," म्हटल्यावर त्याने मला एकदा नीट न्याहाळून घेतलं.

इतक्या लांब यायचं कारण एका फुलपाखराचा नर. काळ्या पंखांवर जांभळ्या कडेचे पांढरे ठिपके मिरवणारा हा देखणा गडी टाचणीने टोचलेल्या फुलपाखरांच्या माझ्या पेटीत दोन वर्षं एकटाच होता. त्याची मादी नारिंगी. रुईवर वाढणाऱ्या दुसऱ्याच जातीच्या फुलपाखराचं ती हुबेहूब सोंग घेते. ते चवीला कडू, म्हणून पक्षी हिच्याही वाटेला जात नाहीत. पक्षी फसतात तिथे माझी काय कथा!

पोखर्णीत आधी नरसिंहाचं दर्शन घेतलं. ना धड माणूस, ना धड पशू. वर्गीकरणवाल्यांची पंचाईत करणारा देव.

पुढे एका कापसाच्या रानात कौसाबाई नावाच्या एक बाई खुरपत होत्या. बांधावरच्या रुईभोवती मी तासभर धावलो, एकदा चिखलात सपशेल आडवाही झालो. सापडलेली सगळी रुईचीच निघाली. मी वैतागलो.

"काय हुडकायलाव भाऊ?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"पाकोळी व्हय?" फुलपाखराला इकडे पाकोळी म्हणतात. "मग रुईपाशी कशाला? ती माझ्या घोळावर येती." घोळ म्हणजे पावसाळ्यात रानात आपोआप पसरणारी आंबटसर भाजी. "दोघीचं लुगडं एकच हाय. लुगडं काय बघता, माहेर बघा. बाळंतपणाला जिकडं जाती, ते माहेर."

एवढी पुस्तकं वाचून मी पंखच पाहत राहिलो होतो. घोळापाशी उकिडवा बसलो आणि थोड्या वेळात ती आली. मागच्या पंखावर वरच्या कडेला एकच काळा ठिपका; रुईवालीला तीन-चार असतात. तीच! मी जाळं उचललं.

"अंडी घालायलीय भाऊ," बाई हळूच म्हणाल्या. "माहेरी आलेल्या बाळंतिणीला कुणी धरतंय का?"

दोन वर्षांची हाव एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. मी जाळं खाली ठेवलं. बाईंनी तेवढा घोळ सोडून बाकीचा भाजीसाठी खुडला, आणि दुपारी त्यांच्या घरी लसणाची फोडणी दिलेली ती भाजी मी तीन भाकरींशी खाल्ली. लय झकास!

घरी परतलो तो रिकाम्या हाताने, पण खुशीत. पेटीत नराशेजारची जागा मोकळीच आहे. तिथे मी एक चिठ्ठी टोचली आहे: 'मंडळी बाळंतपणासाठी माहेरी गेली आहेत.'