लिफ्टच्या दारात काढलेल्या चपला

देवधर्माच्या बाबतीत मी तसा कोरडाच. बायको रोज महादेवाला पाणी घालून येते आणि मी म्हणतो, तेवढं पाणी वाफ्याला घातलं असतं तर वांगी तरी आली असती. त्यामुळे हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला जायचं, त्यापलीकडं आमचं जाणं नाही. नागपूर दोघांनीही ऑपरेशनसाठीच पहिल्यांदा पाहिलं. दवाखान्यात खालीच तिच्या डोळ्यांत थेंब घातले, तिला सगळं धूसर दिसू लागलं, आणि आम्हाला वर जायला सांगितलं. नाव पुकारलं तेव्हा हजर नसलो तर ऑपरेशन राहिलं, असंही बजावलं.

लिफ्टचं दार उघडलं तर आतली फरशी चकचकीत. तिनं दारातच चपला काढल्या.

“काहून काढून राहिली?” मी खेकसलो.

“अजी, खळ्यात धानाची रास असली तरी काढतो आपण. इथं तर मले डोळे भेटून राहिले.”

आणि ती आत शिरली. मी चपला उचलायला वाकलो, तेवढ्यात दार बंद झालं. मोबाईल माझ्याच खिशात. जिन्यानं धापा टाकत वर गेलो, पण सगळे मजले सारखेच अन् माणसंच माणसं. ती कुठंच दिसेना. पुन्हा खाली येऊन लिफ्टसमोर बसलो. खरं सांगतो, रडू आलं. तिच्या चपला हातात धरून जन्मात पहिल्यांदा म्हणालो, “महादेवा, आता तूच पाह्य. माझ्यानं होत नाही.”

थोड्या वेळानं लिफ्ट उघडली. एक अनोळखी बाई माझ्या बायकोचा हात धरून उभी. माझ्या हाताकडं पाहून हसली.

“बाबाजी, ह्या यांच्याच ना? पाय उघडे दिसले, तवाच समजलं. माझी मायबी असंच करते.”

नाव पुकारायच्या आत तिनं आम्हाला वर नेऊन बसवलं आणि निघून गेली. नाव विचारायचंही राहिलं.

महादेव आला होता, असं मी म्हणत नाही. एवढ्या गर्दीत दुसऱ्याच्या पायांकडं पाहणारं माणूस तिथं होतं, आणि मी हात टेकल्यावर ते आलं, एवढंच मला ठाऊक. त्याचे उपकार मानतो आणि गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. परतताना लिफ्टपाशी बायकोनं माझ्या पायांकडं पाहिलं.

“आता बराबर दिसते मले,” ती म्हणाली. “तुमच्या चपला कुठं आहेत जी?”

माझ्या हातात होत्या.