कार्याध्यक्षांची सही

आमच्या मोरीतल्या दोन बादल्या क्लबच्या होत्या. रविवारी मॅच संपली की मुलं चिखलाने भरलेल्या जर्सी गॅलरीत आणून टाकायची आणि आई त्या भिजत घालायची. “मैदानातली माती माझ्या मोरीत, आणि कप तुमच्या क्लबात,” असं ती दर वेळी म्हणायची. कप तसे फारसे आलेच नाहीत. माती मात्र नेमाने आली. लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत पिवळ्या जर्सी एका ओळीत वाळत असल्या की खालून जाणाऱ्यांना कळायचं, आज मॅच झाली.

बाबा क्लबचे कार्याध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे ज्यांनी गिरणीतली मुलं गोळा करून हा क्लब काढला, ते. माझ्या जन्माआधीच ते वारले, पण त्यांच्या जागी कुणी यायचं, हा विषयच कधी निघाला नाही. तळमजल्यावरच्या क्लबच्या खोलीत त्यांची लाकडी खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नसे. सीझन सुरू होताना नवी जर्सी आधी त्या खुर्चीच्या पाठीला घालायची, नारळ फोडायचा आणि मगच बाकीच्या जर्सी वाटायच्या. क्लबच्या सगळ्या कागदांवर अध्यक्ष म्हणून तेच राहिले. खोलीची भाडेपावतीसुद्धा त्यांच्याच नावाने फाटत असे. शेजारच्या काकांनी एकदा सुचवलं होतं, “अरे, नाव बदलून घ्या, पुढे त्रास होईल.” बाबा म्हणाले, “क्लबच्या बापाचं नाव कोण बदलतं?” मी दारात उभी होते. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता.

पैसा क्लबकडे कधीच नव्हता. मध्ये एका बिल्डरचं नाव जर्सीवर आलं. त्याच्या इमारती अर्ध्यावर थांबल्या तेव्हा तेही गेलं. मग मैदानाचं भाडं, रेफ्रींचं मानधन, साधा बॉल, सगळ्यासाठी बाबा मित्रांकडे जाऊ लागले. काही मित्र फोन उचलेनासे झाले. आमचा गोलकीपर घोडपदेवचा, दिवसभर बाइकवर लोकांची जेवणं पोचवणारा. तो बाबांना म्हणाला, “काका, वडापावचं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त टीम उतरवा.” तेवढंच आता बाबांना हवं होतं. या सीझनला टीम उतरली पाहिजे. एक वर्ष जरी चुकलं तरी लीगमधली जागा जाणार होती.

त्याच सुमारास एक कंपनी आली. तिला मुंबईत फुटबॉल टीम हवी होती, पण तळापासून सुरुवात करायची नव्हती. आमची लीगमधली जागा तिला आयती मिळणार होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून घरातली इंग्रजी कामं माझ्याकडे असतात. बाबा म्हणाले, “तू फक्त बस. आपापसात काही बोलले तर नंतर सांग.” अनोळखी माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यामुळे नुसतं बसण्याचं काम मला बरं वाटलं.

ऑफिस लोअर परळला, काचेच्या उंच इमारतीत. बाबा लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, “इथे गिरणी होती तेव्हा आपल्या लेफ्ट विंगचं खातं इथेच होतं. साच्यावरून सुटला की थेट प्रॅक्टिसला.” वर एका तरुण माणसाने आदराने पाणी विचारलं आणि म्हणाला, “सर, ओनर कौन है?”

“क्लबला ओनर नसतो,” बाबा म्हणाले. “क्लब सबका है.”

तो शेजारच्या बाईंकडे वळून इंग्रजीत बोलला. त्या हसल्या नाहीत, त्यांनी नुसती मान हलवली. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले.

खाली रस्त्यावर आल्यावर बाबांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, असं म्हणाला.”

बाबा थोडं चालले. “नाव ठेवणार?”

“नाही. रंगही बदलणार.”

“आणि पोरं?”

“पोरं ठेवणार. पगार देणार म्हणाले.”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

कंपनीची अट एकच होती. कागदांवर अध्यक्षांचं नाव, तेव्हा आपला क्लबवर हक्क नाही असं त्यांच्या वारसांनी लिहून द्यायचं. अध्यक्षांची मुलगी वडाळ्याला राहते. आम्ही गेलो. तिने चहा केला, बेसनाचे लाडू पुढे ठेवले आणि मग बाबांना मालवणीत म्हणाली, “आमच्या बापाशीचे सगळे आयतवार तुमी खाल्ल्यात. आता सही पण होयी?”

बाबांनी मान खाली घातली. “होय गे बाय, होयी.”

तिला हसू आलं. “सही करूक माजी ना नाय. पण भावाक इचारूक होया.”

भावाला तिथूनच फोन लावला. आमची चाळ पुनर्विकासाला निघाली होती आणि क्लबच्या खोलीच्या बदल्यात नव्या इमारतीत गाळा मिळणार होता. भावाला ते आमच्या आधी कळलं होतं.

“सही करतो, आणि उद्या गाळा तुम्ही घशात घातलात तर?” स्पीकरवरून आवाज आला.

“अरे, खोली तुझी. आत्ता लिहून देतो. क्लब तेवढा मोकळा कर.”

“काका, पावतीवर आणि क्लबच्या कागदांवर बाप एकच आहे. खोली माझी आणि क्लब माझा नाही, असं उद्या कोर्टात कोण ऐकेल?”

बाबांनी फोन परत दिला. त्या माणसाचं म्हणणं पूर्ण चूक आहे, असं मला अजूनही म्हणता येत नाही. बाबांनी त्याच्या वडिलांचं नाव इतकी वर्षं जपलं, आणि त्यानेही तेच जपलं.

बाबा आणखी दोनदा वडाळ्याला जाऊन आले, सही मिळाली नाही. कंपनीने थोडी वाट पाहिली, मग उपनगरातल्या दुसऱ्या एका क्लबची जागा घेतली. लीगच्या प्रवेशाची मुदत एका साध्या मंगळवारी संपली. त्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी जेवले.

मग मुलं एकेक करून येऊ लागली. दुसऱ्या क्लबकडून खेळायचं तर जुन्या क्लबने खेळाडूला मोकळं करावं लागतं. त्या अर्जावर क्लबच्या जबाबदार माणसाची सही लागते. मी असोसिएशनला फोन केला. बोलण्याआधी काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून घेतलं. कार्याध्यक्षांची सही चालेल का?

“चालेल की,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. “न चालायला काय झालं?”

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत होते. “चालते म्हणाले?” त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांनी सह्या केल्या, जेवणाच्या टेबलावर, एकेका मुलाला समोर बसवून. प्रत्येकाला त्याची एक खोड सांगितली. डावा पाय वापर. रेफ्रीशी भांडू नको. या सगळ्यात क्लबची सही म्हणून बाबांची सही कुणी पहिल्यांदाच मानली होती.

गोलकीपर शेवटी आला. अर्ज घेतला, बाबांच्या पाया पडला आणि पिशवीतून त्याची जर्सी काढून आईच्या हातात दिली. लाँड्रीत धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली.

आईने कागद उलगडला. “लाँड्रीत?” ती म्हणाली. “मी काय मेले होते?”

“नाही काकी, म्हटलं आता शेवटचं तुम्हाला कशाला...”

“तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?”

तो अवघडून उभा राहिला. आईने त्याला चहा दिला. तो गेल्यावर तिने मोरीतल्या बादलीत पाणी सोडलं, साबणाची पावडर टाकली आणि ती इस्त्रीची जर्सी भिजत घातली. बाबा बाहेरच्या खोलीतून बघत होते. त्यांनी तिला अडवलं नाही.